पाणी सुटण्याआधी

पाहुणे बाराला येणार म्हणून साडेअकरालाच काकडीची कोशिंबीर कालवून ठेवावी आणि पाहुण्यांनी एक वाजता दारात चपला काढाव्यात. तोवर पातेल्यात काय झालेलं असतं, हे ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. काकडी मऊ पडून तळाला बसलेली, दाण्याचा कूट फुगलेला, आणि या सगळ्यावर तरंगणारं गोडसर, मिरचीच्या वासाचं पातळ पाणी. मग घरातलं कुणीतरी मोठं माणूस विचारतं, "मीठ आधीच घातलंस होय गं?" प्रश्न बरोबर असतो. उत्तर द्यायची कुणाची इच्छा नसते.

घरी सॅलड ड्रेसिंग करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे या फसलेल्या पातेल्यापासूनच समजून घ्यावं. काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असतं आणि ते पेशीपेशीत कोंडलेलं असतं. बाहेर मीठ पडलं की पाणी पेशीचं आवरण ओलांडून मिठाच्या दिशेनं निघतं. साखरही हेच करते, पण चिमूटभर मिठाइतका जोर आणायला साखर बरीच जास्त लागते. काकडी किसली असेल तर पेशी किसणीवरच फुटलेल्या असतात, त्यामुळे पाणी आणखी लवकर सुटतं. म्हणून खमंग काकडीसाठी काकडी चोचवतात. ती डाव्या हातात धरायची, सुरीनं तिच्यावर दाट टोचे मारायचे आणि मग पातळ सोलून घ्यायची. धारदार सुरीनं पेशी कापल्या जातात, चिरडल्या जात नाहीत. चोचवलेली काकडी दाताखाली करकरते ती यामुळे.

'सॅलड' या शब्दाचं मूळही मिठातच आहे. लॅटिनमध्ये मिठाला 'साल' म्हणत, आणि मीठ लावलेला पाला म्हणजे सॅलड. आपल्याकडे ताट वाढायला घेतलं की पहिलं पडतं ते मीठ, मग त्याच्या शेजारी लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. ही ताटाची डावी बाजू. लॅटिन बोलणाऱ्यांनी मीठ पाल्याला लावलं, आपण ते पाल्याशेजारी ठेवलं आणि कधी एकत्र करायचं हे जेवणाऱ्यावर सोडलं. मला विचाराल तर यात आपण जास्त शहाणे ठरलो.

ड्रेसिंगला मराठीत शब्द नाही, याचं काही जणांना वाईट वाटतं. मला वाटत नाही, कारण आपल्याकडे ती एक वस्तूच नव्हती. तीन वेगवेगळ्या गोष्टी तीन वेगवेगळ्या वेळी पडायच्या. दाण्याचा कूट आणि ओलं खोबरं आधी, लिंबू-साखर-मीठ पान वाढायच्या तोंडावर, आणि सगळ्यात शेवटी वरून चुरचुरीत फोडणी. यांतल्या प्रत्येकाचं काम निराळं. भाजलेल्या शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असतं, आणि वर तो कूट सुटणारं पाणीही धरून ठेवतो. लिंबू-साखर चव ठरवतात. फोडणी हिंग-जिऱ्याचा वास तेलात उतरवून तो प्रत्येक फोडीपर्यंत नेते, कारण हे वास पाण्यात नीट विरघळत नाहीत, तेलात विरघळतात. पाश्चात्त्य स्वयंपाकघरात हीच तीन कामं एका बाटलीत कोंबली गेली. बाटली सोयीची खरी. पण बाटलीत कोंबायचं म्हणजे आधी एक भांडण मिटवावं लागतं. तेल आणि पाणी यांचं.

लिंबाचा रस आणि तेल एका बाटलीत घालून हलवा. दोन मिनिटं दुधाळ दिसेल, मग तेल पुन्हा वर. हलवताना तेलाचे बारीक थेंब होतात, पण थेंबाला थेंब भेटला की ते एक होतात. ते एक होऊ नयेत म्हणून प्रत्येक थेंबाभोवती कुणीतरी पहारा द्यायला हवा. फ्रेंच लोक यासाठी मोहरीची पेस्ट वापरतात, तीन भाग तेल आणि एक भाग व्हिनेगर हे त्यांचं जुनं माप. ती पेस्ट आणायला दुकानाच्या काचेच्या कपाटापर्यंत जायचं काही कारण नाही. मोहरी फेसणं हे आपल्या आज्यांना चांगलं ठाऊक होतं. कैरीच्या लोणच्यासाठी ती फेसली जायची आणि काही घरांत काकडीच्या कोशिंबिरीलाही लावली जायची.

मोहरी फेसणं हा एक छोटा रासायनिक प्रयोगच आहे आणि त्यावर थोडं रेंगाळायला हरकत नाही. अख्खी मोहरी तोंडात टाकली तर ती फारशी झोंबत नाही. तिच्यात झणका नसतोच, असतो तो झणक्याचा कच्चा माल आणि त्याचा झणका करणारं विकर. दोन्ही दाण्याच्या वेगवेगळ्या कप्प्यांत बंद असतात. दाणा वाटला आणि त्याला पाणी लागलं की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते आणि जे तयार होतं ते सरळ नाकात चढतं. हा मोहरीचा बचाव आहे, किड्यांना पळवून लावण्यासाठी. आपल्याला मात्र डोळ्यांत पाणी आणणारा हा बचाव आवडून गेला.

यातून स्वयंपाकाचे दोन-तीन नियम आपोआप निघतात. पाणी थंड हवं, कारण उष्णतेनं विकर मरतं. त्यामुळेच फोडणीत तडतडलेली मोहरी खमंग लागते पण नाकात जात नाही, आणि फेसलेली मोहरी नाकात जाते. एकच दाणा, दोन स्वभाव. दुसरं म्हणजे लिंबू लगेच घालायचं नाही. आंबटामुळे विकराचं काम थांबतं. आधी नुसत्या पाण्यात वाटून दहा मिनिटं झाकून ठेवायची, झणका पुरता तयार होऊ द्यायचा आणि मग लिंबू पिळायचं. तेव्हा तोच आंबटपणा झणका टिकवायला मदत करतो. वाटल्या वाटल्या चाखली तर मोहरी कडू लागते. घाबरून फेकू नये, थांबावं. आणि पहाऱ्याचं काय? तेही काम मोहरीच करते. तिच्या सालीतला बुळबुळीत अंश आणि तिच्यातली प्रथिनं तेलाच्या थेंबाभोवती जाऊन बसतात.

आता तिखट आणि गोड. हे दोन एकत्र का बरे लागतात, याचं एक उत्तर तिखट मोजण्याच्या इतिहासातच सापडतं. विल्बर स्कोव्हिल या अमेरिकी औषधशास्त्रज्ञानं १९१२मध्ये मिरचीचं तिखट मोजायची एक रीत काढली. मिरचीचा अर्क काढायचा, तो पातळ करत जायचा आणि चाखणाऱ्या माणसांना तिखट लागेनासं झालं की किती पट पातळ केलं ते लिहून ठेवायचं. तो पातळ कशानं करत होता? साखरेच्या पाण्यानं. आजही मिरच्यांचं तिखट त्याच्याच नावाच्या एककात सांगतात, यंत्रं बदलली तरी. मिसळीवर जिलबी मागवणाऱ्याला हे ऐकून आनंद होईल.

मिरचीतला कॅप्सेसिन हा पदार्थ जिभेवरच्या ज्या ग्राहकाला, म्हणजे रिसेप्टरला, जाऊन चिकटतो, तो मुळात उष्णता ओळखण्यासाठी असतो. साधारण ४३ अंशांच्या पुढची उष्णता लागली की तो मेंदूला वर्दी देतो. मिरची त्याला फसवते आणि थंड कोशिंबीरही भाजल्यासारखी वाटते. हा ग्राहक शोधणाऱ्या डेव्हिड ज्यूलियस यांना २०२१चं नोबेल मिळालं. स्वयंपाकघराला यातून कामाची गोष्ट मिळते ती अशी की आंबटाच्या सोबतीनं हा ग्राहक आणखी हळवा होतो. म्हणजे मिरचीवर लिंबू पिळलं की तिखट मावळत नाही, उलट धारदार होतं. लिंबू वाढवून तिखटपणा मारायला निघालेले लोक हमखास फसतात ते इथं. तिखट आवरायचं तर साखर, गूळ, कूट, खोबरं किंवा दही हवं. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलातुपात विरघळतं, त्यामुळे वर पाणी पिऊन ते नुसतं तोंडभर फिरतं. आणखी एक बारीकशी गोष्ट. मिरचीचं तिखट बियांत असतं हा समज चुकीचा आहे. ते बिया ज्या पांढऱ्या शिरेला लटकलेल्या असतात त्या शिरेत असतं. मिरची उभी चिरून ती शीर काढली की वास आणि हिरवेपणा राहतो, जाळ कमी होतो.

इथवरचं सगळं पुण्यात किंवा अकोल्यातही खरं आहे. माझ्या गावाचं, नाशिकचं, वेगळेपण पुढं आहे, आणि ते द्राक्षात आहे.

निफाड-दिंडोरीकडच्या बागायतदाराशी डिसेंबरात बोललात तर एक शब्दप्रयोग कानावर पडतो, 'मण्यात पाणी उतरलं'. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड निघतात, मणी फुगतात, पण बरेच दिवस ते कडक, हिरवे आणि दात आंबवणारे असतात. मग एका टप्प्यावर ते मऊ आणि थोडे पारदर्शक होऊ लागतात. यालाच पाणी उतरणं म्हणतात. तिथून पुढं आंबटपणा घटत जातो आणि साखर भरत जाते. द्राक्षात मुख्य आम्लं दोन. त्यांतलं मॅलिक आम्ल, म्हणजे कच्च्या सफरचंदातलं, पिकताना वेलच खर्च करून टाकतो. टार्टारिक आम्ल मात्र बरंचसं टिकून राहतं. फळांच्या दुनियेत हे आम्ल भरपूर असणं तसं दुर्मीळ आहे. द्राक्षात ते आहे आणि आपल्या घरातल्या आणखी एका गोष्टीत आहे, चिंचेत. म्हणजे नाशिकच्या मळ्यातला आंबट मणी आणि आमटीतला चिंचेचा कोळ हे आंबटाच्या बाबतीत सख्खे आहेत. चिंच-गुळाची जोडी जिभेवर इतकी मुरलेली असताना द्राक्षाचा आंबट-गोडपणा आपल्याला परका वाटायचं कारणच नाही.

पाणी उतरण्याआधीच्या द्राक्षांचा रस काढून आंबटासाठी वापरायची रीत जगात फार जुनी आहे. फ्रान्समध्ये मध्ययुगात लिंबापेक्षा हाच रस सरसकट वापरात होता. इराणमध्ये तर तो आजही घराघरांत असतो, त्याला 'आब-ए-गूरे' म्हणतात, कच्च्या द्राक्षाचं पाणी. शिराझ शहराच्या नावानं ओळखलं जाणारं सॅलड म्हणजे बारीक चिरलेली काकडी, टोमॅटो, कांदा आणि त्यावर हा रस किंवा लिंबू. दाण्याचा कूट तेवढा राहिला, नाहीतर ती आपली कोशिंबीरच.

मग नाशकात, जिथं विरळणीच्या वेळी हिरवे मणी बागेत खाली पडलेले असतात, तिथं हा रस का निघू नये? मलाही हा विचार भुरळ घालतो, पण इथं सावध राहावं लागतं. विरळणीच्या काळात बागेवर फवारण्या चालू असतात, घड संजीवकाच्या द्रावणात बुडवलेले असतात. काढणीच्या द्राक्षासाठी फवारणीनंतर ठरावीक दिवस थांबतात, तसं खाली पडलेल्या मण्यांसाठी कुणी थांबत नाही. त्यामुळे ते मणी उचलून आणायचे नाहीत. घराच्या मांडवावर स्वतःचा वेल असेल आणि त्याला काय मारलं हे स्वतःला ठाऊक असेल, तर गोष्ट निराळी. बाकीच्यांनी लिंबू घ्यावं. वाईनच्या बाबतीत नाशिकचं नाव १९९९मध्ये सुला ही वाईन कंपनी सुरू झाल्यापासून घरोघरी पोचलं, आणि वाईन हवेवर राहिली की तिच्यातल्या मद्यार्काचं जिवाणू ॲसेटिक आम्ल करतात, तेच द्राक्षाचं व्हिनेगर. ते मिळालं तर उत्तम. किराणा दुकानातलं स्वस्त पांढरं व्हिनेगर बहुतेकदा नुसतं पातळ केलेलं ॲसेटिक आम्ल असतं, बाटलीवर 'सिंथेटिक' लिहिलेलं असतं ते वाचून घ्यावं. चायनीजच्या गाडीवर ते चालतं. इथं त्याचा घसा धरणारा वास लपत नाही.

आंबटासाठी लिंबू घेतलं तरी गोडासाठी मात्र नाशिकचा बेदाणा घ्यावा, असं माझं मत आहे, आणि त्यामागं निव्वळ गावाभिमान नाही. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. म्हणजे साखर तर एकवटतेच, पण टार्टारिक आम्लही सोबत येतं. शिवाय वाटलेल्या बेदाण्याचा गर तेल-पाण्याला दाटपणा देतो. साखर विरघळते आणि दिसेनाशी होते, बेदाणा कामाला लागतो. सोनेरी बेदाण्याला रंग टिकवण्यासाठी गंधकाची धुरी दिलेली असते, म्हणून तो आधी कोमट पाण्यात एकदा विसळून ते पाणी टाकून द्यावं.

आता कृती. चार माणसांच्या सॅलडला पुरेल एवढी.

पंचवीस ग्रॅम बेदाणे, म्हणजे एक छोटी मूठ, विसळून पाव वाटी गरम पाण्यात अर्धा तास भिजत टाका. तोवर एक चहाचा चमचा मोहरी खलबत्त्यात कोरडी फोडा, मग पोहे खायच्या चमच्यानं एक चमचा थंड पाणी घालून खलत राहा. फेस दिसू लागला आणि खलावर वाकल्यावर नाक हुळहुळलं की झाकून ठेवा. मिक्सरमध्ये एवढी थोडी मोहरी पात्याखालीच फिरत बसते, म्हणून खलबत्ताच बरा. दहा मिनिटांनी मिक्सरच्या छोट्या भांड्यात भिजलेले बेदाणे त्यांच्या पाण्यासकट, शीर काढलेली एक हिरवी मिरची, बोटाच्या पेराएवढं आलं, एका मोठ्या लिंबाचा रस आणि पाव चमचा मीठ घालून अगदी मऊ वाटा. त्यात मोहरी मिसळा. तेल एकूण तीन पोहेचमचे, शेंगदाण्याचं. त्यातल्या एका चमच्यात जिरं-हिंगाची फोडणी करा आणि ती पूर्ण गार होऊ द्या. गरम फोडणी ओतलीत तर इतका वेळ जपलेला मोहरीचा झणका वाफेबरोबर उडून जाईल. गार फोडणी आणि उरलेलं कच्चं तेल मिश्रणात एकदम ओतू नका. थेंब थेंब सोडत फेटा, पहिला चमचा मुरल्यावर मग धार धरा. पिवळसर, चमच्याला लागून राहील असं दाट काहीतरी तयार होतं. चव आधी गोड, मग आंबट, मग नाकात मोहरी, आणि सगळं संपलं असं वाटल्यावर मागून मिरची.

लाल रंग हवा असेल तर हिरव्या मिरचीऐवजी अर्धा चमचा लाल तिखट फोडणीत, गॅस बंद करून घाला. तिखटाचा रंगही तेलातच उतरतो. लसूण मला यात आवडतो, पण कच्चा लसूण तेलात घालून बाटली ओट्यावर ठेवायची नाही. हवा नसलेल्या तेलात, आंबट कमी असेल तर, जिवावर बेतणारे जिवाणू वाढू शकतात. फ्रिजमध्ये ठेवावं आणि चार दिवसांत संपवावं.

फ्रिजमध्ये ठेवलं की दोन गोष्टी होतात. शेंगदाण्याचं तेल थिजतं. निफाडला जानेवारीत थंडी पडते तेव्हा ते ओट्यावरसुद्धा गढूळ होतं, तिथं फ्रिजमध्ये काय. बाटली अर्धा तास आधी बाहेर काढून हलवली की पूर्ववत. दुसरं म्हणजे गार पदार्थाचा गोडपणा जिभेला कमी जाणवतो. फ्रिजमधून काढल्या काढल्या चाखून कुणी वर साखर घालतं आणि जेवायच्या वेळी ते पाकासारखं लागतं. चव नेहमी घरच्या तापमानाला आल्यावर घ्यावी.

कशावर घालायचं? कांदा असेल तर नाशकात प्रश्न एवढाच की कुठला. थंडीत बाजारात येणारा लाल कांदा रसदार असतो, टिकत नाही, पण कच्चा खायला तोच घ्यावा. चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा टिकाऊ आणि जास्त उग्र. तोच घरात असेल तर पातळ चिरून दहा मिनिटं मिठाच्या पाण्यात ठेवून निथळून घ्या. कांद्यावर हे ड्रेसिंग घातलं की त्याच्या जांभळ्या कडा काही मिनिटांत गुलाबी होतात. तो रंगद्रव्याचा स्वभाव आहे, आंबटात गेलं की लाल व्हायचं. कोबी, गाजर, डाळिंबाचे दाणे, मोड आलेले मूग यांना ते अंगभर लागतं. पिंपळगावचा पिकला टोमॅटो घेतलात तर बियांचा गर काढून बाजूला ठेवा, नाहीतर पाणीच पाणी. लेट्यूसचा पाला मात्र या दाट मिश्रणाखाली दबून जातो. त्यासाठी थोडं पाणी घालून पातळ करा, किंवा सरळ कोबी घ्या.

आणि काकडी? तिला मी अजूनही बाटलीतलं घालत नाही. चोचवून, मीठ लावून, पाणी पिळून घेतलं आणि मग घातलं तर चालतं. ते पिळलेलं पाणी थालीपिठाच्या भाजणीत जातं. पण एवढं करण्यापेक्षा कूट, लिंबू, साखर आणि वरून फोडणी हेच मला काकडीचं खरं वाटतं.

चौथ्या दिवशी बाटलीच्या तळाशी दोन चमचे उरतात. त्यात मूठभर भाजलेले शेंगदाणे, बारीक चिरलेला कांदा आणि दोन मुठी कुरकुरीत मुरमुरे टाकून कालवावं. संध्याकाळी चारच्या चहाबरोबर. फक्त आधी घरातल्या सगळ्यांना हाका मारून समोर बसवावं आणि मगच हात घालावा, कारण मुरमुऱ्याला काकडीइतकाही धीर नसतो.